भाला गेल्यावर

आमच्या मंडळात एखाद्याला बाजूला करायचं असलं की त्याचा सत्कार करतात. शाल, श्रीफळ, काचेच्या फ्रेममधलं मानपत्र, दोघातिघांची भाषणं, आणि त्यानंतर त्या माणसाची जागा कायमची पहिल्या रांगेत. नाटकाला वर्षानुवर्षं विंगेतून शब्द पुरवणारे एक काका असेच सत्कार होऊन गेले. म्हणजे आहेत अजून, खणखणीत आहेत, पण गेले. त्यामुळे गेल्या वर्षी गणपती उठल्यावर आठच दिवसांत मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला आणि ते म्हणाले, "ताई, यंदा खंडेनवमीला तुमचा सत्कार करायचं कमिटीत ठरलंय," तेव्हा मी आभारबिभार काही मानले नाहीत. मी विचारलं, "आणि खेळ कोण करणार?"

ते म्हणाले, "खेळ यंदा ड्रॉप करतोय. तुमची तब्येत बघता..."

खेळ म्हणजे मर्दानी खेळ. लखनौत आम्ही मराठी माणसं तशी मूठभर. कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी कुठल्या कंपनीत. बदली होऊन येतो, पोरं शाळेत रुळतात आणि मग आपणही इथलेच होतो. मी कोल्हापूरची, बँकेच्या बदलीने आले आणि इंदिरा नगरात फ्लॅट घेऊन राहिले. मंडळाचे सण महानगर नावाच्या वस्तीतल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये होतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तिथे शस्त्रांची पूजा होते, आणि पूजा झाली की मी अर्धा तास लाठी, बोथाटी आणि पट्टा करून दाखवते. बोथाटी म्हणजे टोकाला कापडाचा घट्ट गोळा बांधलेला, सरावाचा भाला. बावीस वर्षं मी हे करते आहे. साडीचा काष्टा घालून, चष्मा काढून. पोटात पोर होतं त्या एका वर्षाचाच काय तो खाडा.

तब्येत म्हणजे नेमकं काय, ते सेक्रेटरींच्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून मीच सांगते. माझा उजवा स्तन काढलेला आहे. काखेतल्या गाठीही काढल्या. मग औषधं झाली, केस गेले, केस आले. आता मी बरी आहे. फक्त उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तिथपर्यंत येतो आणि अडतो.

त्या सगळ्या महिन्यांत मला सर्वांत जास्त राग कशाचा आला असेल तर 'फायटर' या शब्दाचा. भेटायला येणारा प्रत्येक माणूस सफरचंदं टेबलावर ठेवून म्हणायचा, "तुम्ही काय, फायटर आहात!" ब्रँच मॅनेजर म्हणाले, शेजारीण म्हणाली, व्हॉट्सअॅपवर तर तलवारीच्या चित्रासकट आलं. अहो, कसली लढाई? मी बेशुद्ध पडले होते आणि डॉक्टर कापत होते. नंतर मी पडून होते आणि बाटलीतून थेंब पडत होते. ज्या बाईने उभ्या आयुष्यात खरोखर हातात भाला धरलाय तिला तरी लढणं कशाला म्हणतात ते कळतं. मला लढायला कुणी दिलंच नव्हतं. आणि आता जिथे मी खरोखर उभी राहू शकत होते ते रिंगणही हे लोक शाल पांघरून काढून घेत होते.

"सत्कार नको," मी फोनवर म्हटलं. "मला माझा अर्धा तास हवा."

"ताई, हट्ट करू नका ना," सेक्रेटरी म्हणाले. माणूस वाईट नाही. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि प्रत्येक गोष्टीत आधी काय मोडेल ते त्याला दिसतं.

"हट्ट नाही, सांगतेय," असं म्हणून मी फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र खुर्चीत बसून राहिले. कारण अर्धा तास मागितला खरा, पण त्यात करणार काय होते? पट्टा फिरवायला खांदा लागतो. लाठीचा वरचा फेर डोक्यावरून घ्यावा लागतो. माझी बोथाटी मी कमरेशी धरू शकत होते, खालचा वार अडवू शकत होते, मधला अडवू शकत होते. वरून आलेला वार अडवता येणार नव्हता. जाणत्याने तीन वार केले असते तर तिसऱ्याला माझा भाला हातातून गेला असता.

आमच्या लोकांचं हत्यारांबद्दलचं ज्ञान काय सांगावं. पूजेच्या टेबलावर मधोमध तलवार असते. तीही कुणाच्या तरी लग्नात नवरदेवाच्या हातात दिलेली, म्यानाला मखमल, पात्याला धार नाही. तिला हार, तिला हळदकुंकू, तिच्याबरोबर सगळ्यांचे फोटो. भाला टेबलावर मावत नाही म्हणून तो पडद्यामागे, हॉलच्या केरसुण्यांशेजारी भिंतीला टेकवलेला. दरवर्षी मी त्याला ओढून पुढे आणते आणि दरवर्षी फोटोच्या वेळी कुणीतरी तो परत मागे नेतं. एकदा तर त्याच्यावर डेकोरेशनची झिरमिळी बांधून टाकली होती.

खरं तर पायदळातला साधा शिपाई घ्या, कुठल्याही मुलखातला. त्याच्या हातात आधी भाला. स्वस्त, लांब, शिकायला सोपा, आणि समोरच्याला लांब ठेवणारा. तलवार कमरेला. भाला मोडला, गेला, कुणाच्या अंगात अडकून राहिला, की मग तिला हात घालायचा. रोमचा शिपाई आधी भाला फेकायचा आणि नंतर आखूड तलवार घेऊन आत घुसायचा. जपानी योद्ध्याच्या तलवारीचं जगभर कौतुक, पण रणात त्याची भिस्त आधी धनुष्यावर आणि पुढे भाल्यावर. आणि आपल्याकडे तलवारीच्याही मागे आणखी एक हत्यार कमरेत खोचलेलं असायचं, ते कट्यार. शिपाई म्हटला की त्याचं हत्यार पहिल्याच वारात जाणार हे धरूनच त्याला सजवलेलं असे. माझे वडील तालमीत शिकवायचे. पोरं सारखी तलवार मागायची तेव्हा ते वैतागून म्हणायचे, "तलवारीचं फोटू निघत्यात रं. जीव कट्यारीनं वाचतोय."

हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि तरी डोक्यात प्रकाश पडायला फिजिओथेरपीचं टेबल लागलं.

माझी फिजिओथेरपिस्ट इथलीच, लखनौची, पंचविशीतली मुलगी. ओरडतानासुद्धा 'जी' लावणारी. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायचा व्यायाम ती करून घ्यायची. जिथे बोटं थांबतील तिथे पेन्सिलीने खूण. "आंटी जी, छिपकली की तरह. बस दो अंगुल और. शाबाश!" तीन महिने ती खूण जिथल्या तिथे होती. त्या दिवशी मी बोटं खाली घेतली आणि विचारलं, "ऊपर का छोड़ो. कोहनी से क्या-क्या कर सकती हूँ?"

"सब कुछ, आंटी जी. रोटी बेलिए, दरवाज़ा खोलिए, लिखिए. बस भारी कुछ नहीं, झटका नहीं, और चोट से बचाइएगा इस हाथ को."

"मुक्का मार सकती हूँ?"

ती हसली. "किसको मारना है?"

"अभी तय नहीं किया."

"हल्का-हल्का, सीधा, कंधे के नीचे. दर्द हो तो रुक जाइएगा."

सरळ, खांद्याच्या खाली. घरी येताना रिक्षात मी ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. कट्यारीची मूठ इतर हत्यारांसारखी नसते. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये आडव्या दांड्या. त्या दांड्या मुठीत धरायच्या, म्हणजे पातं बोटांच्या पुढे सरळ निघतं. तिला उगारावं लागत नाही. कोपर अंगाशी ठेवून, नुसती मूठ पुढे. ती हाताशी हात भिडेल इतक्या जवळ गेल्यावर वापरायची, आणि तिथे वर हात उचलायला जागाच नसते. माझ्यासाठीच कुणी बनवलेली वाटावी. खोटं कशाला सांगू, रिक्षात मला रडू आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याच्यावरही मी डोळे वटारले.

मग लाकडी कट्यार करून घेतली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सुतार बसतो, त्याला कागदावर चित्र काढून दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "बहन जी, ये गेट का हैंडल है क्या?" मी म्हटलं, "हाँ, समझ लो. बस आगे से थोड़ा नुकीला, और टोक गोल." त्याने दोन दिवसांत हलकी, गुळगुळीत वस्तू करून दिली आणि वर विचारलं, "गेट कहाँ लगेगा?"

आता समोर उभं राहायला माणूस हवं होतं. घरात एकच होतं. माझी मुलगी एकवीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. बारा वर्षांची होईतो ती माझ्याबरोबर खेळायची, चांगली खेळायची. मग एक दिवस बोथाटी कपाटावर टाकली आणि म्हणाली की वर्गातली मुलं हसतात. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आमचा संसार असा चालतो. तिचे बाबा रेल्वेत, कायम दौऱ्यावर. माझ्या आजारपणात डबा, औषधं, रिपोर्ट, सगळं तिने केलं. उलटी झाली की पाठीवरून हात फिरवायची. मी तिला म्हटलं, "तू बोथाटी घ्यायची. खालून एक, मधून एक, वरून एक. तिसऱ्याला माझा भाला पाडायचा."

"आई, रहने दो ना," ती म्हणाली. "क्या प्रूव करना है?"

"मला बसायचं नाहीये. एकदा बसले ना, की मग बसलेच. त्या काकांसारखी." आवाज चढला माझा. "मला कुणी उठवणार नाही मग. तूसुद्धा नाही."

संध्याकाळी ती गच्चीवर आली.

गच्चीवर पाण्याच्या टाक्यांच्या मधोमध आमचा सराव सुरू झाला, आणि तिथे खरं भांडण झालं. ती मारायचीच नाही. खालचा वार असा की जणू बांबूने पापड उलटतेय. मधला तसाच. वरचा वार यायचा आणि माझ्या भाल्याजवळ येऊन थांबायचा, मग मीच भाला सोडून द्यायचा. मी चिडायचे. "अगं मार! मी काय काचेची आहे?" ती म्हणायची, "मार तो रही हूँ." चार दिवस, सहा दिवस, तेच. सातव्या दिवशी मी बोथाटी फेकून दिली आणि म्हटलं, "नको येऊस. दया करायला हॉलभर माणसं आहेत, त्यात तुझी भर नको."

तिचे डोळे भरले. "आपने देखा नहीं था," ती म्हणाली. "आप बेहोश थीं. मैंने देखा था, जब बाहर लाए थे. मैं नहीं मार सकती."

इतके दिवस मी माझाच राग कुरवाळत होते. हिने काय पाहिलं ते विचारलंच नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. मग मी म्हटलं, "बरं, जशी मारतेस तशी मार. भाला मी सोडेन." हार मानल्यासारखंच होतं ते, पण रिंगणात उभं राहणं तरी हाती राहणार होतं.

सेक्रेटरी एकदा घरी येऊन गेले. चहा घेतला, चकली घेतली, आणि तोडगा काढला: अर्धा तास नाही, दहा मिनिटं, आणि त्यानंतर सत्कार. "कमिटीने शाल घेऊन ठेवली आहे, ताई." मी म्हटलं, "ठेवा मग कपाटात, डांबराच्या गोळ्या घालून. दहा मिनिटं मला पुरतील." त्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. अशा माणसांपुढे कपाळ बडवून उपयोग नसतो.

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही दोघी ई-रिक्षातून दोन लांब बांबू बाहेर काढून महानगरात पोचलो. ड्रायव्हरने विचारलं, शामियाना लावणार का. हॉलमध्ये पूजा झाली, तलवारीला हार पडला, सगळ्यांनी आपापल्या गाडीच्या किल्ल्या, पेनं, लॅपटॉप टेबलावर ठेवून त्यांनाही कुंकू लावलं. खुर्च्या भिंतीला सारून मध्ये जागा केली. मी काष्टा कसला, कट्यार कमरेला खोचली आणि वर पदर घेतला, दिसू नये म्हणून.

सेक्रेटरींनी माइक घेतला. "मित्रहो, आजाराशी झुंज देऊन आलेल्या आपल्या फायटर ताई! प्रकृतीमुळे आज त्या थोडंसंच, प्रतीकात्मक, काहीतरी करून दाखवणार आहेत. तर मोठ्या मनाने बघा, आणि जोरदार टाळ्या द्या."

टाळ्या झाल्या. न खेळताच झाल्या, बालवाडीच्या गॅदरिंगला होतात तशा. माझी कानशिलं तापली. समोर मुलगी उभी होती, बोथाटी घेऊन, कॉलेजची जीन्स आणि माझी जुनी ओढणी कमरेला बांधलेली. तिने टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं, सेक्रेटरींकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मी तो तिच्या लहानपणानंतर पाहिलेला नव्हता. नाकपुड्या फुगलेल्या. अगदी माझ्या बापाच्या.

पहिला वार खालून आला आणि माझ्या मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या. बांबूवर बांबू असा वाजला की टाळ्या बंदच झाल्या. मला कळेना, ही काय करतेय? दुसरा मधून. मी कसाबसा अडवला, एक पाऊल मागे गेले. तिसरा तिने डोक्यावरून घेतला, पुरा फेर, जसा मी तिला दहाव्या वर्षी शिकवला होता, आणि आणला. माझा हात खांद्याशी येऊन अडला. भाला हातातून उडाला, जमिनीवर आपटला आणि घरंगळत पहिल्या रांगेच्या पायांशी गेला.

"अरे, अरे!" हॉलभर झालं. सेक्रेटरी खुर्ची उचलून धावले. "ताई, बसा! पाणी आणा कुणीतरी!"

काखेपासून कोपरापर्यंत कळ गेली होती. पण मी त्या वेळी सुखात होते, हे मी शपथेवर सांगते. तिचा भाला त्या वाराच्या जोरात पुढे गेला होता. लांब हत्यार एकदा पुढे गेलं की ते परत आणायला वेळ लागतो, आणि तेवढ्याच वेळात आत शिरायचं असतं. मी शिरले. डाव्या हाताने तिचा बांबू बाजूला दाबला, पदराखालून कट्यार मुठीत घेतली, कोपर अंगाशी ठेवलं आणि मूठ सरळ पुढे केली. टोक तिच्या पोटावर, बरगडीच्या खाली, अलगद टेकलं. तिचा श्वास माझ्या तोंडावर येत होता.

सेक्रेटरी खुर्ची घेऊन मागे उभेच होते. "सेक्रेटरी, खुर्ची बाजूला घ्या," मी मान न वळवता म्हटलं. "पायात येतेय."

मग मी लोकांकडे वळले आणि कट्यार वर, म्हणजे माझ्याने जाते तिथवर, धरली. "भाला पडला तो खरा पडला," मी म्हटलं. "मला आता वरचा वार अडवता येत नाही. शिपायाचं पहिलं हत्यार जातंच. ते गेल्यावर तो घरी जात नाही. एवढंच दाखवायचं होतं."

यावर टाळ्या आल्या की नाही ते मला नीट आठवत नाही. सत्काराची शाल सेक्रेटरींच्या खांद्यावरच होती, ती त्यांनी कधी काढून ठेवली तेही पाहिलं नाही. मी मुलीकडे बघत होते. ती पहिल्या रांगेपर्यंत गेली, माझा भाला उचलला, परत आली आणि तो माझ्या हातात दिला.

"ज़्यादा लगा, आई?" तिने हळूच विचारलं.

"लागलं."

"रुकें?"

मी भाला कमरेशी धरला, जिथे मला धरता येतो तिथे, आणि पाय रोवले.

"आपल्याला दहा मिनिटं दिलीत," मी म्हटलं, "दोनच झालीत. मार."